छत्रीवाल्याची मराठी प्रत

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचं काय करायचं, हे ज्याच्या घरातला माणूस गेला आहे तो सोडून मजल्यावरच्या सगळ्यांना माहीत असतं. चष्मा कुणाला तरी देऊन टाका. चपला समोर ठेवू नका, बघून बघून त्रास होतो. कपडे आजच काढा, उद्या हात धजत नाही. पण एकाच चिनी मारामारीच्या सिनेमाच्या चार निरनिराळ्या प्रती मागे ठेवून गेलेल्या माणसाच्या कपाटाचं काय करायचं, असं मी विचारलं तेव्हा शेजारच्या काकूसुद्धा गप्प झाल्या. काकू गप्प होणं ही आमच्या मजल्यावर लक्षात राहण्यासारखी गोष्ट आहे.

चिनी आपलं म्हणायचं. तो सिनेमा कँटोनीज भाषेतला, मी शाळेत जाण्याच्याही आधीचा. धोब्याकडे कामाला असलेला एक आळशी तरुण, त्याला लढायला शिकवणारा एक म्हातारा छत्री दुरुस्तीवाला, लांब भुवयांचा एक खलनायक, आणि शेवटी त्या खलनायकाला ओल्या चादरीने लोळवणं, एवढीच गोष्ट. बाबांकडे ती एका व्हिडिओ कॅसेटवर होती, दोन तबकड्यांच्या व्हीसीडीवर होती आणि दोन वेगवेगळ्या डीव्हीडींवर होती. नवीन प्रत आली की बाबा ती जुनीशी ताडून बघायचे. कशात छत्री जास्त काळी दिसते, कशात ठोशाचा आवाज खरा वाटतो, हे ते जेवताना सांगायचे आणि आम्ही आमटी वाढून घ्यायचो.

आई त्या सिनेमाला ‘माझी सवत’ म्हणायची. बाबा टीव्ही लावून बसले की ती शिवणयंत्रावर बसायची. उजेडासाठी तोंड खिडकीकडे, पाठ टीव्हीकडे. अशी पाठ करून तिने लोकांच्या किती विजारी आखूड केल्या असतील, देव जाणे.

बाबा गेल्यावर तिने यंत्रावर चादर घातली. मी सुट्टी काढून तिच्याकडे राहायला आले. ताट वाढलं तर ती जेवायची, नाही वाढलं तर भूक लागल्याचं सांगायची नाही. काय हवंय विचारलं की ‘काही नको’. माणसाला काहीच नको झालं की भीती वाटते, निदान मला तरी वाटली. म्हणून एका दुपारी ती आपणहून म्हणाली, “त्यांचा तो सिनेमा लाव ना एकदा,” तेव्हा मी हातातलं पातेलं तसंच ओट्यावर ठेवून उठले.

त्यातल्या त्यात नवी डीव्हीडी लावली. आईने सवयीने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि टीव्हीकडे पाठ करून ऐकत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “हा नव्हे. आपला मराठीत होता.”

गंमत म्हणजे मलाही तसंच आठवत होतं. छत्रीवाला शिष्याला म्हणतो, ‘लाथ मारायची तर आधी पाय पूस, समोरच्याचा सदरा धुतलेला आहे.’ भुवईवाला तलवार उपसून विचारतो, ‘माझ्या टेबलावरची फाइल कुणी हलवली?’ हे सगळं लख्ख मराठीत कानात होतं. खात्री करायला परगावी असलेल्या दादाला फोन लावला. तो म्हणाला, मराठीतच होता, त्यात तो तलवारवाला हेडक्लार्क नव्हता का. शिवाय अशा किरकोळ गोष्टींसाठी ऑफिसात फोन करत जाऊ नकोस, सगळं हल्ली नेटवर मिळतं.

म्हणजे साक्षीदार तीन. माझ्या धंद्यात एवढा पुरावा खूप झाला. मी मुद्रितशोधक आहे, शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. मूळ प्रत डावीकडे, छापील उजवीकडे, ओळीखाली पट्टी, आणि नजर दोन्हींमधून घड्याळाच्या लंबकासारखी. माझ्या हाताखालून एक अनुस्वार आजवर निसटलेला नाही, असं आमचे संपादक सांगतात, आणि ते स्तुती म्हणून सांगत नाहीत. अशा बाईला चार प्रतींमधून मराठी प्रत शोधायला कितीसा वेळ लागणार? आईला म्हटलं, संध्याकाळपर्यंत लावून देते. ती ‘बरं’ म्हणाली, आणि त्या दिवशी कुणी न सांगता जेवली.

व्हीसीडी लावली. तिच्यात चित्र चौकटी-चौकटींनी बनलेलं होतं, आणि पहिली तबकडी नायकाने उडी मारल्यावर तो खाली यायच्या आत संपत होती. दुसरी सापडून लागेपर्यंत तो बिचारा हवेत. भाषा चिनी. जुन्या डीव्हीडीत सगळे इंग्रजी बोलत होते, तेही आगगाडीच्या घोषणा कराव्यात तसे, समोर कुणी मरत असलं तरी. माझ्या लक्षात आलं की ठोशाचा आवाजही प्रत्येकात वेगळा आहे. व्हीसीडीत ओला टॉवेल दगडावर आपटल्यासारखा, इंग्रजीत दार लोटल्यासारखा. नवीन डीव्हीडीत तो इतका दणदणीत होता की काकूंनी भिंतीवर टकटक केली. मी कागदावर तीन रकाने आखले आणि लिहायला लागले. बाबा हे का करत होते ते मला हळूहळू कळायला लागलं होतं, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

उरली कॅसेट. ती मराठी असणार यात शंका नव्हती. पण ती लावायला यंत्र नव्हतं आणि फितीवर पांढरी बुरशी धरली होती. काकूंचा सल्ला पडला की ऊन दाखव, उन्हाने कसलीही बुरशी जाते. काका म्हणाले, उन्हाने फीत वितळते, फ्रिजमध्ये ठेव. दोघांचं एकमेकांशी पटत नसलं तरी दोघांशीही माझे संबंध चांगले राहावेत म्हणून मी सकाळी कॅसेट गॅलरीत ठेवली आणि दुपारी फ्रिजमध्ये. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका माणसाकडे जुनं यंत्र होतं. त्याने कॅसेट हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं की ही पाण्यात पडली होती का. मी खरं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून आठवत होतं. ठेवून जा, म्हणाला, आठवड्याने बघू.

त्या आठवड्यात मी नेटवर शिरले. तिथे एक गृहस्थ भेटले. त्यांना मी मनात तुलनाकार म्हणायची. कुठल्याशा थंड देशात बसून त्यांनी याच सिनेमाच्या जगभरातल्या सगळ्या प्रती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. कशात धोब्याचा हौद निळा आणि कशात हिरवा, कशात छत्रीची एक काडी चौकटीबाहेर कापली गेली आहे, सगळं चित्रांसकट. असा माणूस आमच्या छापखान्यात असता तर मी त्याच्यापुढे पट्टी खाली ठेवली असती. मी त्यांना नम्रपणे लिहिलं की याची मराठी प्रत आपल्या पाहण्यात आली आहे का, आमच्या घरी होती, संवाद सोबत देत आहे.

उत्तर येईपर्यंत हा विषय माझ्या हातात राहिला नव्हता. मराठी प्रत! तिच्याबद्दल कुणी ऐकलंच नव्हतं. तुलनाकारांनी पानावर नवीन नोंद उघडली, ‘मराठी, खात्री व्हायची आहे’. खाली जगभरच्या जाणकारांची चर्चा जुंपली. खलनायकाला हेडक्लार्क करण्यामागे अनुवादकाचं केवढं धाडस आहे यावर एकाने लांबलचक मजकूर लिहिला. फाइल हे सत्तेचं प्रतीक आहे, असं दुसऱ्याचं मत पडलं. मला आणखी संवाद मागितले. मी आठवून आठवून पाठवले, दादाकडून चार जास्त मिळवले. अनुवादक कोण असावा याचा शोध सुरू झाला. मला अभिमान वाटला, हे लपवून उपयोग नाही.

आई रोज विचारायची, मिळाला का. मी म्हणायची, मिळतोय.

अशात पार्सल ऑफिसची चिठ्ठी आली, वर नाव नव्हतं, नुसता पत्ता आणि पार्सलचा नंबर. बाबांनी जाण्याआधी परदेशातून आणखी एक प्रत मागवली होती, नव्याने झळाळी दिलेली. मी तुलनाकारांच्या पानावर पाहिलं, तिच्यात सात भाषा होत्या. सहांची नावं दिली होती आणि सातवीपुढे प्रश्नचिन्ह होतं. मी चिठ्ठी घेऊन तशीच निघाले.

खिडकीमागच्या कारकुनाने चिठ्ठी वाचली आणि सांगितलं की ज्यांच्या नावे आहे त्यांनी स्वतः यायचं. मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. मग कधी येऊ शकतील, त्याने विचारलं. मी म्हटलं, तसं काही सांगता येणार नाही. मागे रांग होती. मृत्यूचा दाखला मी पर्समध्ये घेऊनच फिरत होते, तो काचेखालून सरकवला. त्याने दाखला आणि पार्सल शेजारी शेजारी ठेवलं, मूळ प्रत डावीकडे, आणि बोट फिरवत नावं ताडून पाहिली. मान हलवली. जुळत नव्हती. पार्सल ‘श्री. छत्रीवाला’ यांच्या नावे होतं. बाबांनी ते नेटवरच्या सिनेमावेड्या हौशी लोकांत वापरायच्या टोपणनावाने मागवलं होतं.

त्या कारकुनाची बाजू मी समजू शकत होते. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तो म्हणाला, “बाई, तुमचे गेले ते हे. हे पार्सलवाले वेगळे. यांचा काही दाखला नाही.”

म्हणजे कागदोपत्री एक बाबा अजून होते. मी बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने, रांग ओसरल्यावर, त्याने मला खुणेने बोलावलं. त्याला दया आली असावी किंवा जेवायची वेळ झाली असावी. गृहस्थ हयात असतील तर मार्ग सोपा आहे, म्हणाला. त्यांच्या सहीचं पत्र आणा, प्रकृती बरी नसल्याने मुलीला पाठवत आहे, एवढंच. तेव्हा दुसऱ्याच्या लिखाणात एक वेलांटी बदलायची तर लेखकाची परवानगी मागणाऱ्या मी, पार्सल ऑफिसच्या बाकावर बसून, बाबांच्या वळणाचं अक्षर काढत लिहिलं, ‘माझी प्रकृती सध्या ठीक नाही.’ खाली सही केली, ‘छत्रीवाला’. कारकुनाने पत्र वाचलं. काळजी घ्यायला सांगा त्यांना, म्हणाला. मी सांगते म्हटलं.

पार्सल घेऊन तशीच व्हिडिओवाल्याकडे गेले. त्याने फितीवरची बुरशी पुसून दिली होती, यंत्रही दोन दिवसांसाठी दिलं. काकू-काका दोघं कॅसेट बघायला आले, कारण ती दोघांच्याही उपचाराने बरी झाली होती. आई आत झोपली होती. तिला एकदम लावूनच उठवावं असं माझ्या मनात होतं.

चित्र थरथरलं, मग उभं राहिलं. छत्रीवाल्याने तोंड उघडलं. चिनी. धोबी चिनी, भुवईवाला चिनी. खाली इंग्रजी अक्षरं होती, पण पडद्याच्या कडेने अर्धी कापलेली, माणसाने ती कितीही मान वाकडी करून वाचली तरी लागणार नाहीत अशी. काकू म्हणाल्या, उन्हातच ठेवायला हवी होती, फ्रिजने भाषा बिघडली. मी यंत्र बंद केलं. दोघं गेल्यावर मी पार्सल फोडलं आणि नवी तबकडी नुसती भाषा बघायला लावली. सातवी भाषा जर्मन होती.

दादाला फोन लावला. तो त्या दिवशी घाईत नव्हता. म्हणाला, “कॅसेट पहिल्यापासूनच खराब होती ती. आठवतं ना, दाराची बेल वाजली की चिनी व्हायची.”

“म्हणजे?”

“म्हणजे मध्येच चिनी. बाबा दार उघडून परत येऊन बसले की पुन्हा मराठी.”

त्याच्या ऑफिसातला पंखा मला फोनवर ऐकू येत होता.

“बाबा जेवायला उठायचे तेव्हासुद्धा,” तो हळूच म्हणाला. आणि मग, “अगं, बाबा.”

आम्ही दोघंही शिकलेली माणसं आहोत. त्याच्या हाताखाली बरीच माणसं आहेत, आणि माझ्या हाताखालून पाठ्यपुस्तकं जातात. बाबांना चिनी येत नव्हतं. खालची अक्षरं अर्धी कापलेली होती. पाणीपुरवठा खात्यातून थकून आलेला माणूस आम्हा दोघांना टीव्हीपुढे बसवून, स्वतः मागे बसून, सगळ्या पात्रांचे आवाज काढून, तासच्या तास मनाने बोलत होता, आणि ज्या हेडक्लार्कने त्याला उभा जन्म छळलं त्याला दर खेपेला ओल्या चादरीने लोळवत होता. आमचा समज असा होता की चीनमध्ये हेडक्लार्क लोकांना तलवार देतात.

तुलनाकारांना कळवणं भाग होतं. मी लिहिलं की मराठी प्रत अस्तित्वात नाही. ती म्हणजे बनियन घालून वेताच्या खुर्चीवर बसलेले माझे वडील. गैरसमजाबद्दल क्षमा मागितली. मला वाटलं, आता हसतील. दोन दिवस उत्तर नाही. मग एका ओळीत त्यांनी विचारलं, त्यांचं बोलणं कुणी ध्वनिमुद्रित केलं होतं का. नाही, मी कळवलं. त्यांनी नोंद काढून टाकली नाही. ‘खात्री व्हायची आहे’ खोडलं आणि तिथे ‘अनुपलब्ध’ लिहिलं. मुद्रितशोधक म्हणून त्यात मला काही चूक सापडली नाही.

आता आईला सांगायचं होतं. ते मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी तिने ‘मिळाला का’ विचारलंच नाही, आणि ते जास्त वाईट होतं. दुपारी तिच्या शेजारी बसून म्हटलं, आई, तो मराठीत नव्हताच. बाबा बोलायचे.

तिला पटायला वेळ लागला. शिवणयंत्राच्या खडखडाटात, पाठ फिरवून ऐकलेलं सगळं तिने पुन्हा एकदा मनात लावून पाहिलं असावं.

“ती खानावळवाली?” तिने विचारलं. “सारखी लाडात बोलायची ती?”

“बाबाच.”

“आणि रडायची ती कोण?”

“तेही बाबाच.”

आईने चादर घातलेल्या यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी त्या बाईला केवढी नावं ठेवली.”

संध्याकाळी मी नवी, झळाळलेली प्रत लावली. आवाज बंद केला. ठरवलं होतं की बाबांचे संवाद आपणच म्हणायचे, सगळे लिहून काढलेले होतेच. आईने खुर्ची उचलली आणि टीव्हीकडे तोंड करून ठेवली. तो सिनेमा ती पहिल्यांदाच बघत होती. हा हेडक्लार्क होय, म्हणाली, मला वाटलं टकला असेल. हा तर चांगला देखणा आहे.

मी सुरुवात केली. माझं वाचन म्हणजे सभेचं इतिवृत्त. छत्रीवाला लाथ मारतोय आणि मी स्वल्पविरामाला थांबतेय. आईने दोन वाक्यं सहन केली. तिसऱ्याला ती म्हणाली, तसं नाही गं, तो तिथे खोकतो आधी. आणि तिने खोकून दाखवलं. मग पुढचं वाक्यही म्हटलं. मग त्याच्या पुढचं. मी कागद मांडीवर ठेवला. तिला सगळं येत होतं. खानावळवालीचा लाडिक आवाजसुद्धा तिने काढला, जरा तिरसटपणे. मध्येच म्हणाली, इथे तुमचा बाप हसायचा, आणि हसण्यापुरती थांबली. स्वतः हसली नाही, फक्त तेवढी जागा सोडली. जेवणाची वेळ झाली तेव्हा तिने थाळी मागितली आणि घास हातात धरून हेडक्लार्कचे संवाद म्हटले.

शेवटच्या लढाईच्या आधी छत्रीवाला निघून जातो. नदीवर धुकं असतं, नाव किनाऱ्याला लागलेली असते. नव्या प्रतीत धुक्यातही छत्रीची प्रत्येक काडी स्पष्ट दिसत होती आणि खालची इंग्रजी अक्षरंही पुरी होती, मोठी, पांढरी, कुठेही न कापलेली. म्हातारा नावेत पाय ठेवतो, वळतो आणि शिष्याला काहीतरी सांगतो. खाली लिहिलं होतं, ‘माझी वाट पाहू नकोस. मी परत येणार नाही.’

आई थाळी बाजूला ठेवून पुढे झुकली होती. “इथे तो म्हणतो, ‘कडी लावू नकोस, मी आलोच,’” ती म्हणाली. बाबांच्याच आवाजात, खोकून.

नाव हलली. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने पडद्याच्या खालच्या बाजूला बोट केलं.

“काय गं लिहिलंय तिथे?”

“तेच,” मी म्हटलं. “कडी लावू नकोस, मी आलोच.”